सातशे वीस किलोमीटर – पण कोणत्या पट्टीने?

महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली. क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७ हजार ७०० चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख. जिल्हे ३६. सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. समुद्रकिनाऱ्याची लांबी ७२० किलोमीटर.

ही माहिती तुमच्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असेल. रिकाम्या जागा भरा, जोड्या जुळवा, एका वाक्यात उत्तरे द्या, या सगळ्या प्रकारांत ती उपयोगी पडते. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत तर तिच्यावाचून गत्यंतरच नाही. ती पाठ करू नका, असे मी सांगणार नाही. मला एवढेच सांगायचे आहे की, या प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी, कधीतरी, कशाने तरी केलेले मोजमाप आहे. ते कसे केले हे विचारल्यावाचून आकडा आपल्याला अर्धाच कळतो. परीक्षेत हा अर्धवटपणा जाणवत नाही. शेतात, किनाऱ्यावर आणि घर बांधताना मात्र तो महाग पडतो.

वर दिलेले आकडे वरवर सारखे दिसले, तरी त्यांच्या जाती वेगवेगळ्या आहेत. राज्याच्या स्थापनेची तारीख बदलणार नाही. जिल्ह्यांची संख्या हा शासनाचा निर्णय असतो. १९६० मध्ये जिल्हे २६ होते, आज ३६ आहेत. छत्तिसावा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. लोकसंख्या ही मोजणीच्या दिवसापुरती खरी असते. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही, म्हणून आपण अजून २०११ चा आकडा सांगतो. पण किनाऱ्याच्या लांबीचे काय? किनारा तर डोळ्यांसमोर पसरलेला आहे. त्याची लांबी एकच असली पाहिजे, होय ना? चला, तिथूनच सुरुवात करू या.

एक किनारा, तीन लांब्या

आपल्या पुस्तकांत किनाऱ्याची लांबी ७२० किलोमीटर दिलेली असते. भारताच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६.६ किलोमीटर असे जे आपण वर्षानुवर्षे शिकत आलो, त्या हिशेबात महाराष्ट्राचा वाटा ६५२.६ किलोमीटर होता. आणि अलीकडे केंद्र सरकारने नव्याने मोजून जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांत भारताचा किनारा ११,०९८.८१ किलोमीटर आणि महाराष्ट्राचा ८७७.९७ किलोमीटर झाला.

म्हणजे देशाचा किनारा पूर्वीच्या जवळजवळ दीडपट झाला आणि महाराष्ट्राचा एक तृतीयांशाहून अधिक वाढला. मधल्या काळात समुद्र सव्वादोनशे किलोमीटर लांबीचा नवा किनारा घेऊन कोकणात आला काय? अर्थातच नाही. कोणी खोटेही बोलले नाही आणि गणितातही चुकले नाही. बदलली ती मोजण्याची पट्टी.

जुने मोजमाप १९७० च्या दशकातले. ते ज्या नकाशांवर केले होते, त्यांचे प्रमाण १ : ४५,००,००० होते, असे सांगितले जाते. म्हणजे नकाशावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ४५ किलोमीटर, आणि १ मिलिमीटर म्हणजे साडेचार किलोमीटर. आता विचार करा, एखाद्या खाडीचे मुख एक किलोमीटर रुंद असेल तर ते या नकाशावर पाव मिलिमीटरही भरणार नाही. पेन्सिलीची रेघच त्याहून जाड असते! अशा नकाशात लहान खाडी दिसतच नाही आणि जे दिसत नाही ते मोजले जात नाही. नवे मोजमाप १ : २,५०,००० या प्रमाणावरचे आहे. येथे १ मिलिमीटर म्हणजे अडीचशे मीटर. जुन्या नकाशात गडप झालेली वळणे, खाड्या, भूशिरे येथे उमटली आणि लांबीत जमा झाली.

तुम्ही हे घरी करून पाहू शकता. शाळेच्या भिंतीवरचा महाराष्ट्राचा मोठा नकाशा घ्या. कंपासपेटीतील कर्कटकाची टोके एकमेकांपासून ५ सेंटिमीटर अंतरावर ठेवून डहाणूच्या उत्तरेपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत पावले टाकत जा आणि एकूण लांबी काढा. नंतर टोके २ सेंटिमीटर अंतरावर ठेवून तेच करा. मग १ सेंटिमीटर, मग अर्धा. दर वेळी उत्तर वाढत जाईल, कारण मोठे पाऊल खाडी ओलांडून जाते, लहान पाऊल तिच्यात शिरते. शेवटी दोरा लावून मोजा. त्याचे उत्तर सगळ्यांत मोठे येईल. आता तोच प्रयोग तालुक्याच्या मोठ्या प्रमाणावरील नकाशावर केलात, तर तेच अंतर आणखी वाढलेले दिसेल.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या. हवामानाचा अंदाज गणिताने काढता येईल, हे सांगणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी तो एक. दोन देशांची सामाईक सरहद्द किती लांब आहे याचा युद्धांशी काही संबंध लागतो का, हे तो तपासत होता. तेव्हा त्याला दिसले की स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यामधील एकाच सरहद्दीची लांबी एके ठिकाणी ९८७ किलोमीटर, तर दुसरीकडे १,२१४ किलोमीटर दिली आहे. त्याचे हे काम त्याच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये छापले गेले. पुढे १९६७ मध्ये बेनुआ मँडेलब्रॉट या गणितज्ञाने, ब्रिटनचा किनारा किती लांब आहे, असा साधा दिसणारा प्रश्न शीर्षकातच विचारून एक निबंध लिहिला आणि त्यातून पुढे भूमितीची एक नवी शाखा वाढली.

बरे, मग लांबीला काही अर्थच उरला नाही काय? तसे नाही. उलट अर्थ वाढला. नव्या आकड्यांत केरळचा किनारा ५६९.७ वरून ६००.१५ किलोमीटर झाला, म्हणजे जेमतेम पाच टक्क्यांनी वाढला. पश्चिम बंगालचा १५७.५ वरून एकदम ७२१.०२ वर गेला, म्हणजे साडेचार पटींहून अधिक! का बरे? नकाशा उघडा. केरळचा किनारा बराचसा सरळ, तर बंगालचा गंगेच्या त्रिभुज प्रदेशातला, सुंदरबनच्या असंख्य खाड्यांनी चिरफाळलेला. पट्टी लहान केल्यावर लांबी किती वाढते, यावरून किनारा किती दंतुर आहे ते कळते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये बसतो. वसई, ठाणे, धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा आपल्या खाड्या आणि त्यांच्या तोंडाशी उभे असलेले किल्ले आठवा, म्हणजे आपला आकडा का वाढला ते न सांगता समजेल. दोन आकडे शेजारी ठेवल्यावर त्यांनी आपल्याला एक तिसरीच गोष्ट सांगितली. एकट्या ७२० ने ती सांगितली नसती.

रेषा नेमकी कोठे?

पट्टीचा प्रश्न सुटला तरी दुसरा एक उरतोच. किनारा म्हणजे कोणती रेषा? भरतीची की ओहोटीची? मुंबईला अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. समजा, वाळूच्या पुळणीचा उतार पन्नासास एक आहे, म्हणजे पन्नास मीटर चालले की एक मीटर खाली जाता येते. मग पाणी चार मीटर उतरले की किनाऱ्याची रेषा दोनशे मीटर आत सरकते. सहा तासांनी ती पुन्हा जागेवर येते. अशा सरकत्या रेषेला आपण नकाशावर एक ठाम काळी रेघ करून टाकतो.

कोळीवाड्यातील मुलाला हे मी सांगायला नको. तिथी सांगितली की भरती केव्हा येणार हे तो तोंडी सांगेल. पण नकाशावरची ती रेघ त्याच्या घराशी कशी निगडित आहे, हे मात्र सर्वांनी जाणून घेतले पाहिजे. केंद्र सरकारने १९९१ मध्ये किनाऱ्याच्या रक्षणासाठी नियम केले आणि पुढे २०११ व २०१९ मध्ये ते नव्याने काढले. समुद्राच्या बाजूने भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा या नियमांखाली येतो. त्या पट्ट्यात काय बांधता येईल, काय नाही, हे ठरलेले असते. म्हणजे प्रथम भरतीरेषा आखायची आणि मग तिच्यापासून मोजायचे. रेषा वीस मीटर इकडे की तिकडे, यावर कोणाचे घर, कोणाची मासळी वाळवण्याची जागा, कोणाचे तिवरांचे रान नियमाच्या आत की बाहेर, हे ठरते. ती रेषा कोणत्या प्रमाणाच्या नकाशावर आणि कोणत्या साली आखली, हा प्रश्न गावाने विचारला पाहिजे. जो मुलगा शाळेत किनाऱ्याची लांबी फक्त पाठ करून सुटला, त्याला मोठेपणी हा प्रश्न सुचायचा कसा?

सरासरीचा पाऊस कोठे पडतो?

आता किनाऱ्यावरून घाटमाथ्यावर चढू या. कारण तेथेही असाच एक आकडा आपली वाट पाहतो आहे, तो म्हणजे सरासरी पर्जन्यमानाचा.

सातारा जिल्ह्याचे उदाहरण घ्या. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढतात. वर दाब कमी असल्याने हवा प्रसरण पावते आणि प्रसरणामुळे थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही, ते ढग होऊन कोसळते. म्हणून महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटमाथा ओलांडल्यावर हीच हवा खाली उतरते, दाबली जाते, तापते, आणि तिची बाष्प धरण्याची शक्ती वाढते. मग पाऊस कसला? महाबळेश्वराहून वीसएक किलोमीटरवरील पाचगणीला पाऊस तेथल्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपास.

साडेपाच हजार आणि पाचशे यांची सरासरी तीन हजार. हा तीन हजार मिलिमीटर पाऊस ना महाबळेश्वरी पडतो, ना दहिवडीला. तो फक्त वहीत पडतो! हे मी मुद्दाम दोनच ठिकाणे घेऊन केलेले गणित आहे, पण सबंध राज्याची सरासरी सांगताना थोड्याफार फरकाने हेच होते. सरासरी चुकीची नसते. मात्र किती ठिकाणांची, किती वर्षांची आणि त्या ठिकाणांत एकमेकांपासून फरक किती, हे सांगितल्यावाचून ती सांगणे म्हणजे निम्म्या वर्गाला ९० गुण आणि निम्म्याला १० गुण मिळाले असता, वर्ग सरासरी ५० गुणांनी उत्तम उत्तीर्ण झाला, असे म्हणण्यासारखे आहे.

आणि हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. आपल्या राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी धरली जाते आणि पिकांच्या नुकसानीचे पंचनामे, मदत वगैरे पुढचे सारे त्या नोंदीशी बांधलेले असते. एका मंडळात अनेक गावे येतात. वळवाचा पाऊस तर एका शिवारात पडतो आणि दुसऱ्यात पडत नाही, हे शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही ठाऊक आहे. पर्जन्यमापक ज्या गावात आहे तेथे पाऊस कमी झाला, तर शेजारच्या गावातील वाहून गेलेल्या सोयाबीनची नोंद त्या भांड्यात कशी होणार?

आणखी एक बारकावा पाहा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, तो सकाळी साडेआठला बदलतो. समजा, पहाटे सहापासून अकरापर्यंत पावसाने झोडपून काढले. साडेआठपूर्वी ४० मिलिमीटर पडला, नंतर ३० मिलिमीटर. पाच तासांत ७० मिलिमीटर पडला, पण नोंदवहीत तो दोन दिवसांत वाटला गेला आणि पुढेमागे पाऊस नसेल तर एकाही दिवशी ६५ भरला नाही. येथे कोणी लबाडी केली असे नव्हे. दिवस कोठे तरी तोडावाच लागतो. पण तो कोठे तोडला आहे हे ज्याला माहीत आहे, तोच नोंदवही उघडून, दोन दिवस एकत्र पाहा, असे म्हणू शकेल. पावसाचा एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, आणि एका हेक्टरवर दहा हजार लिटर. इतके साधे गणित शाळेत शिकलेला मुलगा गावाच्या किती उपयोगी पडेल!

न हलणारे पठार

तिसरे उदाहरण जमिनीखालचे आहे, आणि तेच सर्वांत गंभीर आहे.

दख्खनचे पठार प्राचीन आणि स्थिर आहे, हे वाक्य भूगोलाच्या तासाला अनेक पिढ्यांनी लिहून घेतले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचे बनलेले हे पठार. ते कशाला हलेल? पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. रिश्टर मापाने सहाच्या वरचा हा भूकंप होता आणि त्यात सुमारे १८० माणसे गेली. कोयनेच्या जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागल्यानंतर त्या भागात लहान धक्के जाणवू लागले होते. धरणाच्या जलाशयामुळे चाळवल्या जाणाऱ्या भूकंपांचे उदाहरण म्हणून आज जगभर कोयनेचे नाव घेतले जाते. पुढे २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी तेथे गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले. तेव्हा लाव्ह्याचे थर सव्वा किलोमीटर जाडीचे असल्याचे प्रत्यक्ष दिसले. त्याखाली ग्रॅनाइटी जातीचा खडक लागला. ज्या जमिनीवर आपण पिढ्यान्‌पिढ्या राहत आहोत, तिची जाडी त्या ठिकाणी आपल्याला अशी समजली.

नंतर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे झोपेत गेली. भूकंपाच्या धोक्याच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारताना ते वर्गीकरण बदलण्यात आले. असे का झाले? कारण नकाशा मुख्यतः पूर्वी झालेल्या भूकंपांच्या नोंदींवर आधारलेला होता. ज्या भागात उपकरणे विरळ आणि लेखी इतिहास थोडा, तेथे नोंद नव्हती. ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘भूकंप होत नाही’ असा आपण करून घेतला. नकाशावरचा रंग पाहून सुरक्षित वाटलेल्या त्या गावांत घरांच्या भिंती मातीत रचलेल्या जाड दगडांच्या होत्या आणि वर मातीची जड माळवदे. माणसे मेली ती या भिंती आणि माळवदे अंगावर कोसळल्यामुळे.

‘स्थिर’ हा शब्द लिहून घेताना, ‘किती वर्षांच्या नोंदींवरून?’ असे विचारण्याची सवय आपल्याला असती, तर भूकंप टळला नसता. घरांविषयी मात्र आपण कदाचित थोडे आधी बोललो असतो.

विज्ञान आपली माहिती अशी पुन्हा पुन्हा तपासत असते, हे त्याचे बळच आहे. लोणारचे सरोवर उल्कापाताने झाले, हे तुम्ही वाचले असेल. त्याचे वय ५२ हजार वर्षे असे बरीच वर्षे सांगितले जाई. ते तापवलेल्या खनिजातून निघणाऱ्या प्रकाशावरून काढले होते. पुढे अरगॉनच्या समस्थानिकांवरून काढले तेव्हा ते ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास आले, म्हणजे अकरा पट! सरोवर तेच, दगड तेच, पद्धत वेगळी. येथेही ‘वय किती’ याच्या पाठोपाठ ‘कशावरून’ हे विचारले तरच उत्तर पूर्ण होते.

शिक्षकांना काही शब्द

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात मुलांच्या हाती व्हर्नियर कॅलिपर येतो आणि लघुतम माप म्हणजे काय ते शिकवावे लागते. नळीचा व्यास २.३४ सेंटिमीटर असे लिहिणारा मुलगा त्यातला शेवटचा चार कोठून आला हे सांगू शकतो. त्याच मुलाला राज्याच्या किनाऱ्याची लांबी विचारली तर तो ताडकन ७२० म्हणतो, आणि ‘कसे मोजले?’ म्हटले की गप्प बसतो. प्रयोगशाळेतली शिस्त भूगोलाच्या पुस्तकाला लावायची असते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. त्यात त्याचा दोष नाही.

शिक्षकबंधू-भगिनींच्या अडचणी मी जाणतो. पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, वर्गात साठ मुले, आणि अभ्यासक्रम संपवायचा असतो. प्रत्येक आकड्याचा इतिहास सांगत बसले तर दिवाळीपर्यंत पहिला धडाही संपणार नाही. म्हणून प्रत्येक आकड्याचा इतिहास सांगाच, असे माझे म्हणणे नाही. एका धड्यात एकच आकडा निवडावा आणि त्याची पुरती चौकशी करावी. बाकीचे पाठ असू द्यावेत. पाठांतराला मी नावे ठेवत नाही. डोक्यात काही आकडे तयार असले म्हणजे नवा आकडा पटण्याजोगा आहे की नाही ते लगेच कळते.

दुसरी शंका अधिक खोल आहे. असे शिकवले तर, आकड्यांवर विश्वासच ठेवायचा नाही, असे मुले समजतील काय? मला वाटते, उलट होईल. पट्टी सांगितली की आकडा भक्कम होतो. १ : २,५०,००० या प्रमाणावर, अमुक रेषा धरून, एवढी लांबी, असे म्हटले की दुसरा कोणीही ते तपासू शकतो आणि त्याचे उत्तर फार वेगळे येणार नाही. अविश्वास पसरतो तो पट्टी लपवल्याने. आज ७२० आणि उद्या ८७८ असे कोणतेही कारण न देता सांगितले, तर मुलांनी कशावर विश्वास ठेवावा?

प्रश्नपत्रिकेतही थोडा बदल करता येईल. ‘महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी किती?’ यासोबत एखाद्या वर्षी ‘किनाऱ्याची लांबी दोन पुस्तकांत वेगवेगळी दिली आहे, दोन कारणे सांगा’ असा प्रश्न यावा. तो तपासायला काही जास्त वेळ लागणार नाही.

तुम्ही काय कराल?

विद्यार्थी मित्रहो, थोरामोठ्यांची वाट पाहू नका. तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत.

पहिली, सरळ उभ्या बाजूंचा पत्र्याचा डबा घ्या. तो मोकळ्या जागी, भिंत किंवा झाड जेवढे उंच असेल त्याच्या दुप्पट अंतरावर तरी ठेवा. रोज सकाळी साडेआठला पोलादी पट्टीने पाणी मोजा, तारखेसह लिहा आणि डबा रिकामा करा. मंडळाच्या नोंदीशी ते ताडून पाहा. फरक पडेल. तो का पडला यावर वर्गात चर्चा करा.

दुसरी, एक सरळ काठी उभी रोवून तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते घड्याळात पाहा. ती तुमच्या गावची खरी माध्यान्ह. मुंबई आणि गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा ही दोन्ही गावे जवळपास १९ अक्षांशावर आहेत. पण रेखांशांत सुमारे सात अंशांचे अंतर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून सिरोंचाला माध्यान्ह मुंबईच्या सुमारे २८ मिनिटे आधी होते. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच! जुन्या मुंबईचे स्वतःचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होते आणि शहरात ते १९५५ पर्यंत काही ठिकाणी टिकून होते. दूरच्या जिल्ह्यातील एखाद्या शाळेशी फोनवरून एकाच दिवशी हा प्रयोग करा. दोन शाळांमधले अंतर तुम्हांला सावलीवरून काढता येईल.

तिसरी, तुमच्या सामान्यज्ञानाच्या वहीत प्रत्येक आकड्यापुढे दोन रकाने वाढवा: ‘साल’ आणि ‘कसे मोजले’. पहिले काही दिवस दुसरा रकाना रिकामाच राहील. राहू द्या. मात्र तो रिकामा आहे हे रोज डोळ्यांना दिसले पाहिजे. भरण्यासाठी वाचनालयात जा, तलाठ्यांना विचारा, मच्छीमारांना विचारा, शिक्षकांच्या मागे लागा.

माझी खात्री आहे की, वर्षअखेर तुमच्या वहीत पूर्वीपेक्षा कमी आकडे असतील, पण जे असतील ते तुमचे स्वतःचे असतील. आणि उद्या ग्रामसभेत कोणी एखादा आकडा वाचून दाखवला, तर तुमच्यापैकी एखादी मुलगी उठून शांतपणे विचारेल, “साहेब, हा कोणत्या साली, कोणत्या पट्टीने मोजला?”